घण उसळतो, पाचर रुतते : रानातला धोंडा हाताने फोडताना नेमकं काय चुकतं?

सासवडच्या पुढे डोंगरउताराला माझं ३० गुंठे रान आहे. वाट ओढ्यातून जाते. छोटा ट्रॅक्टर कसाबसा चढतो, जेसीबीचं नाव काढायला नको. दर वर्षी नांगरटीला फाळ नव्याच जागी ‘खण्ण’ करून अडतो आणि माती बाजूला केली की धोंड्याची पाठ दिसते. पहिल्या हिवाळ्यात अडीच महिने घाम गाळून मी दोन धोंडे फोडले आणि घणाचे तीन दांडे मोडले. आता चौथा हिवाळा चालू आहे. मी आणि चुलतभाऊ मिळून तीन फुटी धोंडा दोन दिवसांत फोडून बांधाला लावतो. मधल्या काळात अंगात बळ आलेलं नाही, उलट गुडघा पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरतो. कुठे काय चुकत होतं ते कळलं, एवढाच फरक. एकच चूक वेगवेगळी सोंगं घेऊन परत परत येत होती, म्हणून तक्रारीच्या क्रमानेच लिहितो.

हे सगळं देशावरच्या काळ्या दगडाबद्दल आहे. कोकणातला जांभा चिरे पाडून कापायचा दगड, त्याचं तंत्र निराळं.

हात लावण्याआधी

धोंड्याला शेंदूर फासलेला आहे का, ते बघा. हसू नका. बांधावरचा शेंदरी दगड हा कुणाचा तरी म्हसोबा असतो आणि त्याला घण लावलात तर दगड फुटायच्या आधी भावकी फुटते. तसंच कडेला उभा रोवलेला दगड मोजणीच्या हद्दीची खूण नाही ना, याची खात्री करून घ्या. हद्दीची खूण हलवली तर दंड होतो, शिवाय शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं ते वेगळंच.

मग वजनाचा अंदाज. काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या आसपास भरतो. दोन फूट व्यासाचा गोल धोंडा साधारण ३५० किलोचा आणि तीन फुटांचा साडेअकराशेचा. दिसायला फूटभर मोठा, वजनाला तिपटीहून जास्त. वर दिसते ती नुसती पाठ, म्हणून चारी बाजूंनी वीतवीत अंतरावर पहार मारून कड कुठे संपते ते आधी चाचपा. पहिल्या वर्षी मी हात लावलेल्यांपैकी एक मुळात धोंडाच नव्हता. तो खालच्या कातळाचा वर आलेला कोपरा होता आणि मी त्याच्यावर १७ दिवस घालवले.

“घण मारतो, उसळून येतो, नुसत्या कपच्या उडतात”

ही सगळ्यांची पहिली तक्रार, आणि इथेच सगळं आहे. मी असाच एकदा घण घालत असताना वाटेने जाणारे एक आजोबा थांबले. वडार समाजातले, उभी हयात दगडकामात गेलेली. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पाव्हणं, त्यो फुटून जाणार कुठं? जागा कुठं ठेवलीय त्याला?”

धोंडा तीन बाजूंनी मातीत घट्ट बसलेला होता. दगड फुटतो म्हणजे त्याचे दोन भाग केसभर तरी एकमेकांपासून लांब सरकतात. सरकायला वावच नसेल, तर घणाचा सगळा जोर खालच्या मातीत मुरतो नाहीतर उलटा तुमच्या मनगटात येतो. त्यात हा दगड दाबाला कमालीचा पक्का आणि ताणाला कच्चा; दाब सोसण्याची त्याची जी ताकद, तिच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ताण तो सोसतो. वरून घण मारणं म्हणजे त्याच्या बळकट बाजूशीच कुस्ती धरणं.

म्हणून आधी फावडं. एका बाजूने तळापर्यंत दीड फूट रुंद चर काढा, बाकीच्या बाजू निम्म्यापर्यंत मोकळ्या करा. माती लांब टाका, काठावर ठेवली तर पायाच्या धक्क्याने परत आत येते. या खणण्यालाच माझा निम्मा दिवस जातो, आणि तो वाया गेला असं आता वाटत नाही. दोन फुटांपर्यंतचा धोंडा असेल तर पहारीने एका अंगाला उचलून मधोमध खाली एक दगड सारा, म्हणजे दोन्ही कडा अधांतरी राहतात. अशा बसवलेल्या धोंड्याला दहा-बारा घणांत तडा गेलेला मी पाहिला आहे. मात्र वर उचललेल्या धोंड्याखाली हात घालायचा नाही. दगड सारायचा तो काठीने ढकलून.

घण पाठीच्या मधोमध, गोलाव्यावर मारू नका. कडेजवळ, कोपरा असेल तिथे, आणि एका ओळीत मारा. घणाचा दांडा जाड लाकडाचा नको. त्या आजोबांच्या सुतकीला, म्हणजे दगडफोडीच्या हातोड्याला, बारीक, लवणाऱ्या बांबूचा दांडा होता. तो झटका स्वतःत जिरवतो, मनगटात येऊ देत नाही. मी तीन दांडे मोडले ते याचसाठी, बाजारातले जाडजूड ताठ दांडे आणून त्यांच्यावर ‘मजबूत’ म्हणून विश्वास टाकला होता.

डोळ्यांना चष्मा हवाच, नुसता गॉगल नाही, बाजूने बंद असलेला. काळ्या दगडाची कपची काचेच्या तुकड्यासारखी धारदार असते.

“वरचं पापुद्र्यासारखं सुटतं, पण आतला गोळा तसाच”

हे चुकीचं नाही, दगडाचा स्वभावच असा आहे. आपल्या खालचा हा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थंड होताना त्याला भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपलं आणि प्रत्येक ठोकळा कडांकडून कुजत गोल होत गेला. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटतात. सुटलेल्या थरांचा मुरूम होतो आणि मधला न कुजलेला गाभा म्हणजे आपला धोंडा.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, पापुद्रे पहारीने आधी उपसून काढा. कुजक्या थरात पाडलेल्या भोकात पाचर कितीही ठोका, ती फक्त थर चिरडत बसते. टिकावाचं टोक ‘बद्द’ वाजतंय तोवर सोलत राहा. ‘टण्ण’ वाजलं की गाभा लागला. दुसरं, काही धोंडे काळे ठोस नसतात. जाळीदार, पांढऱ्या दाण्यांनी भरलेले असतात. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. तो घणाने भुगा होत फुटतो, सरळ चिरत नाही. त्याच्यावर पाचर आणि ड्रिलचा खर्च करू नका. त्याच्या पोकळीत कधी स्फटिकांचा गुच्छ निघतो. माझ्या पुतण्याला एक सापडला, तो आता आमच्या टीव्हीवर बसलेला आहे.

जुनी भेग शोधायची एक सोपी युक्ती आहे. धोंडा धुऊन काढा आणि उन्हात सुकू द्या. सगळीकडचं पाणी उडून गेल्यावरही एखादी काळी ओली रेघ मागे राहते. भेग तिथेच. तिच्या बाजूने काम केलं तर निम्मा त्रास वाचतो.

“पाचर रुतून बसते, दगड काही चिरत नाही”

एक पाचर आणि तिच्या दोन अंगांना भोकात बसणाऱ्या दोन पट्ट्या, हे मोठ्या धोंड्यासाठी हातकामातलं सगळ्यात भरवशाचं साधन. ओळीत भोकं पाडायची, प्रत्येकात दोन पट्ट्या सोडायच्या, मधे पाचर. पाचर खाली गेली की पट्ट्या बाजूला दाबतात आणि दगडावर ताण येतो, म्हणजे त्याची कच्ची बाजू आपल्या हातात. एवढं असूनही जमत नसेल तर बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक कारण निघतं.

भोक उथळ आहे. पाचरीचं टोक तळाला टेकलं की तुम्ही दगड चिरत नसता, नुसता खिळा ठोकत असता. पाचर पूर्ण गेली तरी खाली इंच-दीड इंच रिकामं राहिलं पाहिजे. भोकातला भुगा फुंकून काढा, तोंडाने नाही, सायकलच्या पंपाने. तोंडाने फुंकलेला भुगा थेट डोळ्यांत येतो. मला हे दुसऱ्यांदा कळलं, पहिल्यांदा नुसतं झोंबलं.

पट्ट्या फिरलेल्या आहेत. ज्या रेषेत चिरायचं त्या रेषेच्या एकेका बाजूला एकेक पट्टी हवी. पाच भोकांपैकी एका जोडीनं जरी तोंड फिरवलं, तरी तिचा जोर बाकीच्यांच्या आडवा येतो. खडूने रेघ ओढा आणि प्रत्येक जोडी तिच्याशी ताडून बघा.

अंतर जास्त आहे. काळ्या ठोस दगडात भोकाभोकांत मी पाच-सहा इंच ठेवतो. आठ इंच ठेवून भोकं वाचवायला गेलो होतो, तडा भलतीकडून गेला.

आणि सगळ्यात मोठं कारण, घाई. एकच पाचर जोरात ठोकत बसू नका. सुतकीने सगळ्या पाचरींना ओळीने एकेक हलका ठोका, मग परत पहिलीपासून. आवाजाकडे कान द्या. सुरुवातीला बसका असतो, ताण चढत जाईल तसा तो उंच, धातूसारखा होत जातो. तो सगळ्यांचा सारखा झाला की सुतकी खाली ठेवा आणि चहा घ्या. मस्करी करत नाही. ताण धरलेला दगड आपला आपण चिरत जातो, दहा-पंधरा मिनिटं लागतात. आमचा सगळ्यात मोठा धोंडा आम्ही भाकरी सोडून बसलो असताना ‘टक्’ करून फुटला.

तडा वाकडा जातो, एका कडेचा पातळ तुकडाच निघतो, अशीही तक्रार असते. तडा नेहमी अशक्त बाजूकडे पळतो. म्हणून रेघ मधोमध घ्या, दोन्हीकडे वजन सारखं राहील अशी. अर्ध्याचे अर्धे, मग त्याचे अर्धे. कडेकडून ब्रेडसारखे काप काढायला जाल तर प्रत्येक काप वाकडा येईल.

पाचरी कुठून आणायच्या? मी लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या करून घेतल्या. त्यात खरी गोम पाणी देण्यात, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्यात आहे. जास्त पाणी दिलेली पाचर ठोक्याला तुटते, कमी दिलेली दबते आणि टोक बोथट होतं. टोकाला पाणी, डोकं मऊ, असं सांगून करून घ्या. वापरून डोकं भूछत्रासारखं पसरलं की ग्राइंडरने घासून टाका, कारण त्या पसरलेल्या कडेचा तुकडा गोळीसारखा सुटतो. चुलतभावाच्या पोटरीत गेलेला तुकडा काढायला तीन टाके पडले.

“ड्रिल आत जातच नाही”

घरात खिळ्यांसाठी वापरायचं ड्रिल चालणार नाही, त्याला कितीही ‘हॅमर’ लिहिलेलं असू द्या. ठोक्याची वेगळी यंत्रणा असलेलं रोटरी हॅमर लागतं. १६ ते २० मिलिमीटरच्या भोकांना एसडीएस-प्लस जातीचं पुरतं. विकत घ्यायची गरज नाही, तालुक्याला दिवसाच्या भाड्याने मिळतं. अंगाचा भार टाकून दाबू नका. दाबलं की ठोका मंदावतो, टोक नुसतं घासत राहतं आणि निळं पडतं. निळं पडलेलं बिट फेकायचंच. दर इंचाला बाहेर काढून भुगा झाडा. ओल्या दगडात बिट चिखलाने अडकतं, म्हणून धोंडा सुकू द्या. धूळ नाकात जाणार, मास्क बांधा. रानात वीज नसेल तर छिन्नी-सुतकीने, दर ठोक्याला छिन्नी थोडी फिरवत भोक पाडता येतं. एका भोकाला तास धरा.

“क्रॅक पावडर भरली, काहीच झालं नाही” किंवा “भरली आणि उडाली”

पाण्यात कालवून भोकात ओतायची ही पावडर मुख्यतः खास भाजलेला चुना. पाणी लागलं की तो फुगतो आणि बारा ते चोवीस तासांत दगड आतून चिरतो. ना आवाज, ना हादरा. ऐकायला फारच छान, पण नखरे आहेत.

काहीच न होण्याची कारणं बहुधा दोन. पाणी जास्त पडलं (पाच किलोला साधारण दीड लिटर, पाकिटावर असेल तेच खरं), किंवा भोकं बारीक आणि उथळ. हिला १६ मिलिमीटरचं भोक चालत नाही, ३८-४० मिलिमीटरचं लागतं आणि खोली दगडाच्या जाडीच्या ऐंशी-नव्वद टक्के. म्हणजे मोठं मशीन आलं, आणि खर्चाचं गणित फिरलं.

उडण्याचं कारण ऊन. या पावडरी हवामानाप्रमाणे वेगवेगळ्या येतात. थंडीची पावडर एप्रिलच्या दुपारी तापलेल्या काळ्या दगडात ओतली तर ती फुगण्याऐवजी भोकातून उसळून वर येते. आमच्याकडे एका दुकानदाराने “सगळी एकच असते” म्हणून हातावर ठेवली होती. नशिबाने मी बांधापलीकडे उभा होतो. हे मिश्रण डोळ्यांत गेलं तर भाजतं, म्हणून हातमोजे, बंद चष्मा, आणि भरलेल्या भोकावर वाकून बघायचं नाही म्हणजे नाही. पोरांना आणि जनावरांना दुसऱ्या दिवसापर्यंत लांब ठेवा. थंडीत, सकाळी, योग्य जातीची पावडर भरून वर गोणपाट टाकून निघून जा.

घराजवळचा, पाचर ठोकायला जागा नसलेला धोंडा असेल तरच मी हिच्या वाटेला जातो. सुरुंगाचा तर विषयच नको. विनापरवाना स्फोटकं हाताळणं हा गुन्हा आहे, मग गावात कुणी कितीही सहज “लावून देतो” म्हणो. जाळ करून वर पाणी ओतायची जुनी रीतही सोडा. मांजऱ्या दगड तापला की तुकडे उडवतो आणि हिवाळ्यानंतरच्या वाळल्या गवतात एक ठिणगी म्हणजे अख्ख्या डोंगराला वणवा.

“फुटला, पण हलत नाही”

फुटलेला तुकडा उचलू नका, ढकला. पाच फुटी पहारीचा टेकू टोकापासून चार इंचांवर ठेवला तर तुमचा जोर चौदापट होतो. ४० किलोचा भार टाकलात तर पलीकडे ५६० किलो उचलले जातात. टेकू फूटभर लांब ठेवला की तेच गणित चौपटीवर येतं. “पहार लावली, तरी हलत नाही” म्हणणाऱ्यांचा टेकू मला दर वेळी लांब दिसला आहे. टेकू मातीत रुतत असेल तर खाली फळीचा तुकडा द्या. इंचभर उचललं की लगेच खाली दगड सारायचा, मग पुढचा इंच. सपाटीवर फळ्या टाकून त्यांवर जाड लोखंडी पाइपांचे तुकडे, आणि त्यांवरून तुकडा लोटायचा. उताराच्या खालच्या अंगाला कुणीही उभं राहायचं नाही.

दगडाखाली विंचू आणि फुरसं असतंच असं धरून चाला. पहिली उचल नेहमी पहारीने, आणि फट उचलणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उघडेल अशी. लाल विंचू चावला आणि घाम सुटून हातपाय गार पडू लागले तर मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिनचा उपचार दाखवून दिल्यापासून माणसं वाचतात, पण वेळेत पोचली तर.

आणि न फोडताही काम होतं. धोंड्याच्या वरच्या अंगाला नाही, खालच्या अंगाला त्याच्याहून मोठा खड्डा घ्या, पहारीने त्यात लोटा, वर अडीच फूट माती. नांगर तिथवर जात नाही. खड्डा घेताना धोंडा अंगावर येणार नाही इतकी भिंत मधे ठेवा, आणि ती शेवटी बाहेर उभं राहून पाडा.

“या वर्षी काढले, पुढच्या वर्षी परत आलेच”

आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, रानात दगड उगवतात. दिसतं तसंच. उतारावर दर पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि खालचे धोंडे उघडे पडतात. काळी माती असेल तर आणखी एक कारण आहे. ती भिजली की फुगते, उन्हाळ्यात फाटते, बारीक माती भेगांतून खाली उतरते आणि दगड हळूहळू वर सरकत राहतो. वरून खोल नांगरट केली की मुरमातले गाभे आपणच उकरून काढतो. मी आता मुरमाड पट्ट्यात नांगर नेत नाही, कुळवावर भागवतो.

निघालेला दगड उताराला आडवी ताल, म्हणजे दगडी बांध, घालायला वापरला, म्हणजे माती अडली. ज्या दोन पट्ट्यांना ताल घातली तिथे नवे धोंडे निघायचे जवळजवळ थांबले. किल्ल्यांवर टाक्यांसाठी कातळ फोडून निघालेला दगड तटबंदीला लावत, तोच हा हिशेब, आपल्या ऐपतीचा. दगड विकायचा किंवा गाडीत भरून रस्त्याला लावायचा विचार असेल तर मात्र आधी तहसील कचेरीत विचारा. तो गौण खनिजात मोडतो, आणि परवानगीशिवाय पकडला तर दंड बाजारभावाच्या कित्येक पटीत होतो, गाडी अडकते ती वेगळीच.

वेळापत्रकाचं म्हणाल तर, पाऊस सरून वाफसा आला की पहारीने रान चाचपायचं आणि लागेल तिथे फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची, खूण करायची. माती मऊ असते तेव्हाच चर खणून घ्यायचे. डिसेंबर-जानेवारीत भोकं आणि पाचरी. उन्हाळ्यात तोच चर खणायला तिप्पट वेळ लागतो. या वर्षी फक्कीच्या सात खुणा झाल्या होत्या. पाच धोंडे तालीत गेले, एक पुरला. सातवा विहिरीच्या वाटेवर आहे, साडेचार फुटांचा, आणि परवा बघतो तर कुणीतरी त्याच्यावर शेंदराचं बोट उठवून गेलं आहे.